पावणेदोन तासांचं फळ

कोलकाता
१२ सप्टेंबर २०२४

नितू,

नमस्कार-चमत्कार वगळते. वाशीमच्या होस्टेलात तीन वर्षं एका खोलीत राहिलेल्या, माझं तेल आणि माझी चादर न विचारता वापरणाऱ्या बाईला कसला नमस्कार.

फोन करून थकले. तुझा फोन वीरेंद्रभाऊ पुण्याला बांधकामावर घेऊन गेले. सासूबाईंचा फोन लागतो तो फक्त तू टेकडीवर चढलीस तर, आणि तेव्हाही मला निम्मं तुझं बोलणं ऐकू येतं आणि निम्मा वारा. म्हणून हे पत्र. मेडशीच्या शाळेत दहा मार्कांसाठी लिहिलं होतं, त्यानंतर हे पहिलंच.

विकासची बँकेतली बदली होऊन आम्हाला इथे दोन वर्षं झाली. भाषा अजून अर्धीच कळते. परवा बाजारात सीताफळं दिसली म्हणून धावत जाऊन घेतली. घरी फोडली तर नुसत्या बिया आणि पाणी. तू दर सोमवारी तांड्यावरून पिशवी भरून आणायचीस ती आठवली आणि मला चक्क रडू आलं. विकास म्हणाला, फळासाठी कोणी रडतं का. त्याला काय कळणार, तो नाशिकचा.

मग डोक्यात एक आलं. नागपूरहून इथे थेट विमान आहे. मी सगळं शोधून काढलं. नागपूर ते कोलकाता हवाई अंतर पावणेदहाशे किलोमीटरच्या आसपास, आणि वेळ पावणेदोन तास. म्हणजे तुमच्या टेकडीवरचं सीताफळ पावणेदोन तासांत माझ्या गावात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुधीरबाबू म्हणून एक मिठाईवाले आहेत. त्यांना सीताफळाची रबडी करायची आहे. फळ चांगलं असेल तर दर आठवड्याला ऐंशी किलो घेतो म्हणाले, अगदी डिसेंबरपर्यंत.

मागच्या उन्हाळ्यात तू ऊसतोडीवरून परत आलीस तेव्हा मेडशीच्या स्टँडवर भेटली होतीस. आरोही तुझ्या कडेवर होती, नुसती काडी झालेली. तू म्हणाली होतीस, पुढच्या साली काहीही होवो, या पोरीला घेऊन ट्रकमध्ये चढणार नाही. ते मी विसरले नाही. जमवून पाहायचं का?

तू पेटी मानोऱ्याहून बसमध्ये टाक. माझा भाऊ शिवम नागपूरला नोकरीला आहे, तो उतरवून विमानतळाच्या मालघरात देईल. मात्र प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी हवी: फळ कधी तोडलं, कोणी तोडलं. बाकी तुझ्या गप्पाही त्यातच लिही.

तुझी,
योगिनी

तांडा, मानोऱ्याजवळ
२८ सप्टेंबर २०२४

योगे,

तुहं पत्र पोस्टमननं आनून देल्लं तं साऱ्या तांड्याले वाटलं कोर्टाचा कागद आला. शेजारची रुपाबाई तं दारातच उभी राह्यली, काय झालं ते आयकाले.

पावनेदोन तास. मी याडीले सांगतलं तं तिनं तीनदा इचारलं. तुह्या त्या विकासभाऊले समजून सांग, याडी म्हनजे आमच्यात आई. मी सासूले बी याडीच म्हनतो. तं माही सासू, सोनीबाई, म्हनली, बापू, मानोऱ्याहून वाशीमची यष्टी याच्याहून जास्त टाइम घेते. आनि मधात पंचर झाली तं इचारूच नोको.

तं मंग आमी ठरवलं, कच्चं कायले पाठवा? पावनेदोन तासात जाते म्हनल्यावर घरी खातो तसंच फळ पाठवू. याडी सोता चढली टेकडीवर. डोळे पुरे उघडलेलं, बोट लावलं तं दबते, असं एक एक पाहून तोडलं. म्हने, पावनीच्या हाती पडलं का लगेच फोडून खाता आलं पाह्यजे, ठेवाले लावू नोको बिचारीले. चाळीस फळं हायत. आज सकाळी सहाले तोडली, याडीनं आनि मी. खाली-वर सीताफळाचाच पाला लावला.

आता खरं सांगू का, योगे. तुहं पत्र मी चारदा वाचलं ते रबडीसाठी नाही. मागच्या साली उसाच्या फडात आरोहीले न्यूमोनिया झाला. अकरा दिवस पाचटाच्या कोपीत पडून होती. मी दिवसा ऊस तोडू आनि जेवाच्या सुट्टीत येऊन तिच्या नाकाशी हात धरून पाहू, श्वास चालू हाय का नाही. यंदा ते चार वर्साची झाली, अंगनवाडीत जाते, गानं म्हनते. दिवाळी झाली का मुकादमाचा ट्रक येते. एक कोयता म्हनजे नवरा-बायको, जोडी पाह्यजे. मी नाही गेली तं वीरेंद्रलेही जाता येत नाही. म्हनून हे फळ माह्यासाठी निस्तं फळ नाही.

पेटी भेटली का सांगजो.

नीता

कोलकाता
१ ऑक्टोबर २०२४

नितू,

पेटी काल दुपारी मिळाली. आता मनाची तयारी करून पुढचं वाच.

मालघरातल्या माणसानं पेटी माझ्या हातात दिली तेव्हा ती तळातून गळत होती. टॅक्सीवाला गाडीत घेईना. घरी येऊन उघडली. चाळीसांतली सदतीस फुटलेली, लगदा झालेला, वर मुंग्या. त्या कुठे चढल्या, नागपुरात की इथे, देव जाणे. तुझी चिठ्ठी त्या रसात बुडालेली होती. मी ती पंख्याखाली वाळवली आणि मग वाचली. आरोहीचं दोनदा वाचलं.

तीन फळं धड होती. एक विकासला दिलं. दोन मी खाल्ली, त्यातलं दुसरं त्याला न सांगता. नितू, तीच चव. म्हणजे फळात खोट नाही, हे पक्कं.

सुधीरबाबूंना अर्थातच काही दाखवलं नाही. ते थांबायला तयार आहेत, तू काळजी करू नकोस. पुढच्या वेळी थोडी कडक पाठव. सासूबाईंना सांग, पाहुणीला एक-दोन दिवस फळ ठेवावं लागलं तरी पाहुणी मरत नाही.

तुझी,
योगिनी

तांडा
९ ऑक्टोबर २०२४

योगे,

कडक म्हनली ना, तं घे कडक.

तुहं पत्र वाचून याडीनं त्या दिवशी भाकर खाल्ली नाही. तिले वाटलं तिच्या हाताले यश नाही. मी तिले म्हनलं, याडी, त्या शिवमनं फटफटीवर आदळत नेली असन पेटी. राग नोको मानू, पन पावनेदोन तासात सदतीस फळं फुटतेत का? तांड्यातलं पोरगं शाळेतून घरी येते तेवढ्या वक्तात. कोनी तं बी पेटीवर बसलं असन, नाही तं उन्हात टाकून देल्ली असन. तू तुह्या भावाले नीट इचारजो.

यावक्ती मीच तोडली. दगडावानी हायत, पेटीवर हत्ती बसला तरी काही होत नाही. याडी नाही म्हनत होती. म्हने हे आंधळं फळ हाय, याचे डोळेच उघडले नाहीत, हे तोडाचं नसते. मी आयकलं नाही. तिले म्हनलं, तुह्या मनासारखं पाठवलं तं काय झालं ते पाह्यलं ना. बोलून गेली आनि मंग मलेच वाईट वाटलं. ते टोपलं घेऊन रस्त्यावर विकाले गेली.

आज सकाळी सातले तोडली. साठ फळं.

आता एक इचारतो, त्याचा सीधा जवाब दे. परवाच्या दिवशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी दसरा. गोविंदसिंग मुकादम दसऱ्याले घरोघर फिरते, कोन चढनार, कोन नाही, हे लिहून घेते. वीरेंद्र बी सुट्टीवर येनार. तुह्या त्या सुधीरबाबूचं पक्कं हाय ना? ऐंशी किलो म्हनला, तं आमच्या चार घरचं काम निंघते. निस्तं मनानं बोलला असन तं तसं सांग. मी तुह्या शब्दावर उभी हाय.

नीता

कोलकाता
१५ ऑक्टोबर २०२४

नितू,

इथे दुर्गापूजा संपली. सगळं शहर नवे कपडे घालून फिरत होतं आणि मी रोज सकाळी उठून साठ सीताफळांच्या पेटीत हात घालत होते. एकही मऊ झालं नाही. तांदळात पुरली, पोत्यात गुंडाळली, शेजारच्या मासीमांनी सांगितलं म्हणून केळ्यांसोबत ठेवली. चौथ्या दिवशी ती काळी पडली, तशीच दगडासारखी. एक सुरीनं कापलं तर आत पांढरं, फिकट, बेचव. सासूबाई बरोबर होत्या. तू त्यांचं ऐकायला हवं होतंस.

शिवमला मी विचारलं. तो पेटी पोटाशी धरून नेतो, रिक्षानं. त्याला नावं ठेवू नकोस.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मला दोन दिवस लागले. तू सरळ विचारलंस, आणि ते पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा दसऱ्याला एक दिवस उरला होता. मी सासूबाईंना फोन लावायला हवा होता. नाही लावला, कारण घाबरले.

सुधीरबाबू नाहीत.

म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिठाईचं दुकान आहे, पण त्या माणसाचं नावसुद्धा मला माहीत नाही. मी त्याच्याशी कधी बोललेच नाही. मला वाटलं, गिऱ्हाईक आहे म्हटल्याशिवाय तू पेटी पाठवणारच नाहीस. फळ आलं की ते घेऊन जाईन, मग कोणी ना कोणी हो म्हणेलच. तोपर्यंत नाव असू दे म्हणून एक नाव दिलं. मला इथे फार एकटं वाटतं, नितू. दिवसभर घरात असते. तुझं काम निघेल आणि मलाही काही काम होईल, असा माझाही स्वार्थ होता. पण तुझ्या घरासाठी ते केवढं आहे हे मला कळायला हवं होतं.

शिव्या दे. मी ऐकून घेईन.

योगिनी

तांडा
२० ऑक्टोबर २०२४

योगिनी,

दसऱ्याच्या दिवशी मुकादम आला तवा वीरेंद्र चढाले तयार होता. मी मधात पडली. साऱ्यासमोर म्हनलं, आमची जोडी यंदा नाही, आमचं फळाचं पक्कं झालं, कलकत्त्याले. कलकत्ता म्हनताना माही मान वर होती. रुपाबाईनं माह्याकडं पाहून तिचं बी नाव कटवलं. गोविंदसिंग हासला नाही. भला मानूस हाय, म्हनला, पोरी, नीट इचार कर, मी पाडव्यापर्यंत तुह्यी जागा ठेवतो.

आनि काल तुहं पत्र आलं.

म्या वीरेंद्रले वाचून दाखवलं नाही. याडीलेही नाही. दिवसभर तोंड लपवून फिरली. तुह्या बाबाचं वीस एकर वावर हाय मेडशीले. तुमच्या घरचं कोनी कधी ट्रकात चढलं नाही, भांडे-पोट्टे-कोंबड्या एकाजागी भरून, अंगावर ताडपत्री घेऊन. तुले वाटलं एक नाव ठोकून देऊ. तुह्यासाठी ते एक नाव होतं. मी त्या नावावर माह्या नवऱ्याले गप केलं.

मले तुहा राग आला हाय. लय. शिव्या देऊन तो जाईन असा नाही, म्हनून देत नाही.

पाडव्याले मुकादम येईन तवा मी हो म्हनीन. आरोहीले यंदा बहिनीकडं ठेवाचं का संग न्याचं, ते पाहू. पेटी पाठवत नाही.

नीता

कोलकाता
२५ ऑक्टोबर २०२४

नितू,

तुझं पत्र काल मिळालं. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. त्यावर माफी मागून मोकळी होणार नाही. मी काय केलं ते सांगते.

तुझं पत्र यायच्या आधीच मला एक गोष्ट छळत होती. तू लिहिलं होतंस, पावणेदोन तासांत सदतीस फळं फुटतात का. मी म्हटलं, खरंच, कशी फुटतील? मग शिवमला फोन करून एकेक तास विचारला. दोन दिवस इथल्या विमानतळावरच्या मालघरासमोर जाऊन बसले. तिथला चहावाला आता मला ओळखतो. हिशोब ऐक.

तू सकाळी सहाला फळ तोडतेस. टेकडीवरून खाली, बांधणी, मानोऱ्याला येईपर्यंत बारा वाजतात. साडेबाराची बस, कारंज्याला बदल, नागपूरला संध्याकाळचे सात. मालघराची माल घ्यायची वेळ संपलेली असते, म्हणून पेटी शिवमच्या खोलीवर. दुसऱ्या दिवशी दहाला तो ती देऊन येतो. विमान संध्याकाळी साडेसहाचं. म्हणजे दिवसभर पेटी पत्र्याच्या शेडमध्ये. सव्वाआठला इथे. पण इथे माल सुटतो तो तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला. माझ्या घरी पोचते दुपारी एकला.

मोज. सकाळी सहापासून तिसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत, पंचावन्न तास. त्यातले आकाशात पावणेदोन. मी तुला फक्त आकाशातले सांगितले, कारण तेवढेच मला दिसले. ते पावणेदहाशे किलोमीटरही नागपूरपासून मोजलेले होते, तुझ्या झाडापासून नाही. चूक माझी. तुझी नाही, सासूबाईंच्या हाताची तर मुळीच नाही. हे त्यांना नक्की वाचून दाखव.

आणि हो, मी आता खरोखर दुकानं फिरले. सहा ठिकाणी. पाच जणांनी नाही म्हटलं. सहाव्या रीनादी म्हणून आहेत, आइस्क्रीम करतात, छोटंसं दुकान आहे, बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, गोष्टी नका सांगू, पिकलेली दहा फळं आणून ठेवा, मग बोलू. एवढंच. याहून एक शब्द जास्त मी लिहिणार नाही.

पेटी पाठवायची की नाही ते तू ठरव. पाठवलीस तर पंचावन्न तासांचं फळ पाठव. असं काही असतं का, मला माहीत नाही.

योगिनी

तांडा
३१ ऑक्टोबर २०२४

योगे,

असं असते.

तुहं पत्र परवा आलं. राग होताच, पन ते पंचावन तासाचं वाचलं आनि उठून याडीकडं गेली. आता काही लपवाचं नाही म्हनून सारं सांगतलं, सुधीरबाबूचं बी. वीरेंद्र तिथंच बसून होता. तो उठून भाहेर गेला. याडीनं सुधीरबाबूचं बाजूले ठेवलं. तिनं हिशोब पुन्हा वाचाले लावला. बोटं मोजली. मंग माह्याकडं असं पाह्यलं का मले जमिनीत जावं वाटलं.

म्हने, हे तं तीन मुक्कामाचं फळ होय. मले पयले काहून नाही सांगतलं?

योगे, म्या या घरात सात वर्सं काढली, दर साली सीताफळ विकलं, आनि हे मले ठावंच नव्हतं. आमी आता रस्त्यावर विकतो, आज तोडलं का आज गेलं. पन याडी लहान होती तवा तांड्याच्या बाया डोक्यावर टोपलं घेऊन पायी बाजारले जात. दिग्रसले जायाचं तं एका मुक्कामाचं फळ तोडा लागे. पुसदले दोन मुक्कामाचं. यवतमाळले तीन. फळाच्या डोळ्यावर सारं. दोन डोळ्याच्या मधातल्या फटीत नख जाते ते घरी खावाचं. फट पिवळी पडली, पन नख जात नाही, ते एका मुक्कामाचं. फट पांढरी हाय ते दोनचं. आनि निस्ती सुताएवढी पांढरी रेघ फुटली हाय, ते तीन मुक्कामाचं. ते तिसऱ्या सांजीले पिकते, एक दिवस इकडं नाही का तिकडं नाही. आनि रेघ बी नाही ते आंधळं, मी तुले पाठवलं ते.

याडी म्हने, तुमचं इमान पावनेदोन तासाचं असन, पन फळ तं यवतमाळले पायी चालून राह्यलं. आमी पावनेदोन तासाच्या नादात पावनीसाठी ताटातलं फळ तोडलं.

आज सकाळी याडीनं तोडली. एका एका झाडापाशी थांबून, डोळ्याजवळ नेऊन. तिची नजर आता बारीक नाही, म्हनून अंगठ्यानं चाचपून पाहे. मी टोपलं धरून मांगं मांगं. पन्नास फळं तोडाले तीन तास लागले. पेटीले शिवमच्या सांगन्यावरून बाजूले भोकं पाडली.

पन एक सांगून ठेवतो. पाडवा परवा हाय. पेटी तुह्या हाती त्याच दिवशी दुपारी पडन, आनि फळ सांजीले पिकन. मुकादम पाडव्याच्या सकाळीच येते. म्हनजे तुहा जवाब येयाच्या आधीच मले जवाब द्या लागते. काय देऊ ते मले आज ठावं नाही. वीरेंद्र दोन दिवसापासून माह्याशी धड बोलून नाही राह्यला.

तुह्यावरचा राग थोडा कमी झाला. पुरा नाही.

नीता

कोलकाता
४ नोव्हेंबर २०२४

नितू,

काल टेकडीवर तू फोन घेतलास, पण "पिकली" एवढं ऐकलंस आणि लाइन गेली. बाकीचं इथे लिहिते, तुला उशिरा मिळालं तरी चालेल.

पाडव्याला पेटी आली. लगेच उघडली. पन्नास फळं, एकही फुटलेलं नाही, आणि सगळी कडक. मला वाटलं, झालं, पुन्हा दगड. विकासनं मला हात लावू दिला नाही, म्हणाला सासूबाईंनी तिसरी सांज सांगितलीय ना, मग गप बस. त्या संध्याकाळी सहाला त्यानंच एक दाबून पाहिलं. अंगठ्याखाली दबलं, तसं त्यानं ते माझ्या हातात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नासांतली शेहेचाळीस पिकली होती.

दहा घेऊन रीनादींकडे गेले. त्यांनी एक फोडलं, उभ्यानंच खाल्लं, बिया हातावर काढल्या. दुसरं फोडलं. मग विचारलं, हे तोडतं कोण? मी सांगितलं, सोनीबाई राठोड, वय सदुसष्ट. त्या म्हणाल्या, मग सोनीबाईंना सांगा, आठवड्यातून दोनदा चाळीस चाळीस किलो, फळ संपेपर्यंत. गर काढून गोठवता येतो, त्यासाठी डिसेंबरात जास्त घेईन. यावेळी मी त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं, सही-शिक्क्यासकट. त्याचा फोटो शिवमकडे पाठवलाय, तो छापून बसमधून पाठवेल.

दर पेटीमागे थोडी फळं जातील. चार पन्नासांत गेली. ते त्यांना सांगून ठेवलंय.

मला एकच कळत नाही. मुकादमाला तू काय सांगितलंस? हे पत्र लिहिताना मला तेच माहीत नाही. तू हो म्हणाली असशील, तर ती माझ्या खोटेपणाची शिक्षा तुला झाली.

तुझी,
योगिनी

तांडा
६ नोव्हेंबर २०२४

योगे,

ही चौथी पेटी. शिवमनं पाठवलेला रीनादीचा कागद काल बसमधून भेटला, म्हनून चाळीस किलो. आज सकाळी साडेपाच ते नऊ तोडली. तोडनारे: याडी, मी, रुपाबाई, आनि वीरेंद्र.

तुहं "पिकली" आयकलं आनि लाइन गेली. मी तितंच टेकडीवर बसली आनि रडली. पन मुकादमाले जवाब त्याच्या एक दिवस आधीच देऊन झाला होता. म्या नाही देल्ला.

पाडव्याले गोविंदसिंग आला. आमी दोघं बी दारात. वीरेंद्र माह्याकडं पाहे, मी त्याच्याकडं. सुधीरबाबूवर एकदा मान वर करून बोलली होती, आता कशावर बोलू? तवा याडी आतून आली. चाळीस सिझन केले त्या बाईनं, गोविंदसिंगच्या बापाच्या टोळीत. ते म्हनली, आमची जोडी नाही चढत. गोविंदसिंग म्हने, काकी, फळ पोचलं का? याडी म्हनली, अजून नाही पोचलं. तं मंग कशावरून? ते म्हनली, तोडलं मी हाय.

बस एवढंच बोलली आनि आत गेली. वीरेंद्र पुढं झाला आनि म्हनला, दादा, नाव काटा. मुकादमानं काटलं. मले त्या वक्ती वाटलं, फळ नाही पिकलं तं मी या बाईले तोंड कसं दाखवीन. आनि ते पिकलं.

फळ संपलं का तुरीचं सोंगनं हाय, मंग चना. वीरेंद्र म्हनते पावसाळ्यात टेकडीच्या खालच्या पट्ट्यात आपन बी सीताफळाची रोपं लावू. पाहू. सारं सोपं झालं असं नाही, पन घरी हावो.

रुपाबाईच्या पोरीले मी फटीचं शिकवून राह्यली, आनि याडी मले. माहं अजून चुकते, दोनचं आनि तीनचं वळखू येत नाही. याडी चापट मारते हातावर, शाळेतल्या बाईवानी. त्या दिवशी तिले मी तुह्या हाताले यश नाही असं नाही म्हनलं, पन म्हनल्यासारखंच बोलली होती. काल तिचे पाय दाबता दाबता माफी मांगतली. ते झोपली होती का झोपल्याचं सोंग करून होती, देव जाने.

तुह्यावर राग नाही आता. पन सुधीरबाबूचं नाव मी तुले मरेपर्यंत आयकवीन, हे लक्षात ठेवजो.

आनि एक सांगाचं राह्यलं. आज ट्रक जानार होता. मले चार दिवसापासून त्याचाच धाक होता, का तो निंघताना पाहून वीरेंद्रले पस्तावा होईन का, आरोही इचारन का आपन काहून नाही जात. आमी पहाटेच टेकडीवर गेलो. याडी म्हने आजची फळं यवतमाळची पाह्यजेत, पुसदची एक बी नोको. तिच्या धाकानं आमी कोनी फळावरून नजर उचलली नाही. नऊ वाजता टोपले घेऊन खाली आलो तं तांड्याच्या तोंडाशी जागा रिकामी. मले वाटलं, आलाच नाही अजून. म्या अंगनवाडीच्या बाईले इचारलं, ट्रक कवा येनार हाय?

ते म्हनली, आठलेच गेला. तुमाले कळलं नाही का?

नीता